ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात, भर उन्हात लोक धनुष्यबाणाने रानडुकरांची शिकार करतात म्हणे. खरं आहे का? कोणी स्वतः केलीये का?

हो, केलीये. म्हणजे तीन ट्रिपा मारल्या आणि तीनही मिळून डुक्कर पाडलं एकच, तेही काही राक्षसी वगैरे नाही, त्यामुळे मी शिकारी नाही हे आधीच सांगून टाकतो. सात वर्षं झाली ब्रिस्बेनला आहे, मूळ यवतमाळकडचा, घरी शेती. तुम्ही विचारलंय की एवढ्या उन्हात हे जमतं कसं. तर गंमत अशी आहे की उन्हातच जमतं, गार हवेत उलट अवघड जातं. ते कसं ते सांगतो.

डुकराला घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी असून नसल्यासारख्या. त्यामुळे पारा चाळीसच्या वर गेला की त्याला पाणी, चिखल आणि सावली यांच्यापासून लांब जाताच येत नाही. आता पश्चिम क्वीन्सलंडमध्ये नोव्हेंबरला, म्हणजे इथल्या उन्हाळ्याच्या तोंडाला, पाऊस नसेल तर नद्या म्हणजे नुसती डबकी उरतात, मैलोन्‌मैल काही नाही, मग एक डोह, मग परत काही नाही. म्हणजे लाखभर एकर रान असलं तरी डुक्कर कुठे असणार हे नकाशावर पाच-सहा ठिपक्यांत मावतं. हिवाळ्यात तेच डुक्कर कुठेही भटकतं, शोधत बसा.

आम्ही जातो ते कनामल्ला गावाच्या पुढे, वॉरेगो नदीच्या बाजूला. ब्रिस्बेनहून आठशेच्या आसपास किलोमीटर. सेंट जॉर्जला डिझेल भरायचं, तिथून पुढे रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना मल्गाची झुडपं आणि रस्त्याच्या कडेला गाडीखाली आलेले कांगारू. ऑफिसातला एक मित्र आहे, त्याच्या मामाच्या ओळखीत एक स्टेशन आहे. स्टेशन म्हणजे रेल्वेचं नाही हो, इथे प्रचंड मोठ्या मेंढ्या-गुरांच्या फार्मला स्टेशन म्हणतात, घरापासून पुढच्या गेटपर्यंत पंधरा किलोमीटर. मालकाची परवानगी ही पहिली आणि शेवटची गोष्ट, ती नसेल तर तुम्ही शिकारी नाही, चोर आहात. त्याने आम्हाला दोनच अटी घातल्या. रोज संध्याकाळी घराशी येऊन तोंड दाखवायचं, आणि गेट जसं असेल तसंच ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. आपण चांगुलपणाने उघडं गेट लावून घेतो आणि पलीकडच्या गुरांचं पाणी तुटतं, असं झालेलं आहे म्हणे तिथे.

पहिल्या ट्रिपची माझी फजिती ऐका. मी मनात म्हणत होतो, आपण यवतमाळचे, मे महिन्यात पंचेचाळीस बघितलेले, हे गोरे आम्हाला काय ऊन सांगणार. पण मे महिन्यात दुपारी एक वाजता यवतमाळला आपण काय करतो? कूलरसमोर पडून असतो! इथे मी पाठीवर बॅग, हातात बो म्हणजे धनुष्य, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून नदीच्या कोरड्या पात्रातून चाललेलो, आणि सकाळपासून प्यायलो होतो फक्त दोन लिटर. अकराच्या सुमारास पोटऱ्यांत गोळे आले, डोकं ठणकायला लागलं, मग मळमळ, आणि मित्राला मी काय बोलतोय ते कळेना. त्याने मला यूटच्या, म्हणजे पिकअप गाडीच्या, सावलीत आडवं केलं, टॉवेल भिजवून मानेवर आणि काखेत ठेवला, ओआरएस पाजलं घोट घोट. तो दिवस गेला. तेव्हापासून माणशी दिवसाला दहा लिटर पाणी गाडीत असतंच, आणि साडेनऊनंतर चालणं बंद, ते थेट चार वाजता सुरू. मोबाईलला रेंज नसते हे वेगळं सांगायला नको. गळ्यात लोकेटर बीकन असतो, बटण दाबलं की उपग्रहामार्फत बचाव पथकाला सिग्नल जातो. दोन स्टेपन्या. आणि आभाळ भरून आलं तर सगळं सोडून डांबरी रस्ता गाठायचा, कारण पूरमैदानातली माती आपल्या काळ्या मातीसारखीच, थोडा पाऊस पडला की चाकाला अशी चिकटते की चाक फिरायचंच थांबतं. हे मात्र मला कोणी शिकवावं लागलं नाही.

आता शिकारीचं. डोहाकाठी गेलं की आधी जमीन बघायची. डुकरांनी उकरलेलं असतं, नांगरल्यासारखं, ते तर कोणालाही दिसतं. पण मित्राने मला झाडं बघायला शिकवलं. डुक्कर चिखलात लोळून उठलं की जवळच्या कूलिबाच्या झाडाच्या खोडाला अंग घासतं, खोडावर चिखलाचा पट्टा राहतो. पट्टा गुडघ्याएवढा उंच असेल तर माद्या-पिल्लं, मांडीपर्यंत असेल तर थांबून विचार करायचा. चिखल पांढरट होऊन पोपडे सुटले असतील तर जुना. गडद असेल, बोटाला ओल लागली, तर डुक्कर इथेच कुठेतरी आहे, बहुतेक लिग्नमच्या जाळीत झोपलंय. लिग्नम म्हणजे काड्याकाड्यांचं गुंतागुंतीचं झुडूप, डोक्याच्या वर जातं, आत बोगदे केलेले असतात डुकरांनी. त्यात शिरायचं नाही. मी तरी शिरत नाही.

डुकराची नजर यथातथा, कान चांगले, आणि नाक म्हणजे विचारूच नका. त्यामुळे सगळा खेळ वाऱ्याचा. खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली, दर दोन मिनिटांनी दाबायची आणि पावडर कुठे जाते ते बघायचं. तोंडावर आली तर पुढे सरकायचं, पाठीमागून पुढे गेली तर निमूट माघारी फिरून लांबचा वळसा. सकाळी उन्हं चढायला लागली की वारा पिसाळतो, आत्ता इकडून मग तिकडून. दुसऱ्या ट्रिपला असंच तीस मीटरपर्यंत पोचलो होतो, पाऊण तास रांगत, कोपरांत काटे, आणि मानेमागे जरासं गार लागलं. बस. एक फुर्रर्र आवाज आणि सात-आठ डुकरं पाणी उडवत गायब. एकही बाण सोडला नाही त्या ट्रिपला.

बो म्हणजे आपल्या डोळ्यासमोर येतं तसं रामाचं धनुष्य नाही. कंपाउंड बो असतो, दोन टोकांना चाकं. माझा साठ पाउंडांचा आहे, म्हणजे ओढायला सत्तावीस किलोच्या आसपास, पण दोरी पूर्ण मागे आली की चाकांमुळे भार उतरतो आणि हातावर पाच-सहा किलोच राहतो, त्यामुळे नेम धरून थोडं थांबता येतं. बाण बत्तीस ग्रॅमच्या आसपास, पुढे ब्लेडसारखी धार असलेलं टोक. ही धार दंडावरचे केस निघतील एवढी लागते, नाहीतर जाऊच नये. कारण बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, कापून मारतो, रक्त जाऊन. आणि मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली गादीसारखा जाड घट्ट थर असतो, नर एकमेकांशी सुळ्यांनी मारामाऱ्या करतात त्यासाठी निसर्गाने दिलेली ढालच. त्यावर बाण लागला तर आत जातोच असं नाही. डुकराचं हृदय-फुप्फुस पण आपल्याला वाटतं त्यापेक्षा खाली आणि पुढे असतं. म्हणून डुक्कर आडवं किंवा तोंड थोडं पलीकडे करून उभं असेल, आणि अंतर वीस मीटरच्या आत असेल, तरच मी दोरी ओढतो.

हे सगळं कळूनही चुका होतात आणि ते फोटोत कोणी दाखवत नाही, म्हणून सांगतो. पहिल्याच ट्रिपला मित्राचा बाण दोन बोटं पुढे लागला, खांद्यात. डुक्कर ओरडत लिग्नममध्ये गेलं. अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर परत शोधलं, नाही सापडलं. तो, वीस वर्षं शिकार करणारा माणूस, दिवसभर जेवला नाही. साउथ ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२४पासून धनुष्यबाणाच्या शिकारीवर बंदी आणली ती याच मुद्द्यावरून, की जनावर हाल होऊन मरतं. टास्मानियात तर आधीपासूनच चालत नाही. मला ती बंदी चुकीची वाटत नाही आणि तरी मी जातो, आता यावर कमेंटमध्ये मला शिव्या घालायच्या तर घाला.

माझं डुक्कर तिसऱ्या ट्रिपला. संध्याकाळचे सव्वासहा, वारा तोंडावर, डोहाच्या या काठाला मी गुडघ्यावर. समोर चिखलात एक नर लोळत होता, पन्नासेक किलोचा असेल, नुसती पाठ आणि कान दिसत होते. अंतर मोजायच्या रेंजफाइंडरमध्ये अठरा मीटर. मी वाट बघत बसलो, माशा डोळ्यांत जातायत आणि हात हलवता येत नाही. पंधराएक मिनिटांनी तो उठला आणि अंग झाडलं, ओली गोधडी झटकावी तसा आवाज. मग झाडाकडे निघाला अंग घासायला. डोकं खोडामागे गेलं तेवढ्यात मी दोरी ओढली. तो पुढे आला, आडवा, पुढचा पाय पुढे टाकला. बाण सुटलेला कळला नाही, फक्त ठप्प असा आवाज आणि बाण पलीकडच्या चिखलात उभा. तो पळाला, जाळी मोडल्याचा आवाज, मग शांत.

लगेच मागे जायचं नाही हा नियम. अर्धा तास बसलो, हात असे थरथरत होते की बाटलीचं झाकण लागेना. मग बाण उचलून बघितला, रक्त गुलाबी आणि फेसाळ, म्हणजे फुप्फुसातून गेलाय. चाळीस पावलांवर पडलेला होता. माशा आमच्या आधी पोचल्या होत्या. आनंद झाला का? झाला, खोटं कशाला बोलू, पण त्याच्या पापण्यांचे केस बघितले, लांब, चिखलाने चिकटलेले, आणि थोडा वेळ मी काही बोललो नाही.

मांस खातात का हेही विचारतील कोणीतरी. खातात, पण आम्ही त्याला हात लावला तो लांब ग्लोव्हज घालूनच. इथल्या रानडुकरांत माणसाला लागणारे रोग असतात, ब्रुसेलोसिस असतो, लेप्टो असतो. लेप्टो आपल्याकडे लोकांना २००५च्या मुंबईच्या पुरानंतर चांगला माहीत झाला, तोच. हातावर साधा ओरखडा असला तरी पुरे. मागच्या पायांचं मांस काढलं, एस्कीत, म्हणजे थंड ठेवायच्या पेटीत, बर्फावर ठेवलं, घरी दोन तास शिजवलं, सावजी मसाल्यात. चिवट होतं पण वाईट नव्हतं.

याने डुकरं कमी होतात का? अजिबात नाही. डुकरं इथली मूळची नाहीत, १७८८ला इंग्रजांच्या पहिल्या जहाजांबरोबर पाळीव म्हणून आली, सुटली आणि रानटी झाली. मादी साडेतीन-चार महिन्यांत विते, खायला असेल तर वर्षाला दोन वेळा, एका वेळी पाच-सहा पिल्लं. सरकारी लोक सांगतात की दरवर्षी सत्तर टक्क्यांच्या आसपास मारली तरच संख्या खाली येते. तिथे माझं तीन ट्रिपांत एक! ते काम होतं विषारी आमिषाने, सापळ्यांनी, हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून. स्टेशनमालकाची कोकरं खातात डुकरं, त्याला आमच्या बाणाचं काही कौतुक नाही. त्याने माझा फोटो बघितला, हसला, म्हणाला आता उरलेली हजारभर मार.

कायद्याचं थोडक्यात. क्वीन्सलंडमध्ये खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, कंपाउंड बोला लायसन्स लागत नाही, क्रॉसबोला लागतं. राज्याराज्यात नियम वेगळे आहेत, तेव्हा जायच्या आधी त्या राज्याचं बघा. सुट्टीला येऊन चार दिवसांत करू असं डोक्यात असेल तर सोडा. मी दीड वर्ष क्लबात थर्माकोलच्या डुकरावर बाण मारले, मग मित्राने सोबत नेलं.

आणि हे वाचून गावाकडे कोणी काही करू नका, आपल्याकडे रानडुक्कर १९७२च्या वन्यजीव कायद्यात येतं, वन विभागाच्या परवानगीशिवाय मारलं तर गुन्हा आहे. पीक गेलं तर पंचनामा करून भरपाई मागा, मिळते तेवढी. बाबांना फोटो पाठवला होता. त्यांनी पंचवीस वर्षं हरभऱ्याला जागल केलीये, मचाणावर बसून डबे वाजवले, वावराभोवती आईच्या जुन्या साड्या बांधल्या. फोन आला त्यांचा. "आठशे किलोमीटर गेला तू? एका डुकरासाठी?" म्हटलं हो. "पेट्रोल किती लागलं?"