वाड्यात स्टेशन लावण्याआधी

वाड्यातल्या संग्रहालयात हॅम रेडिओचं (हौशी रेडिओचं) स्टेशन लावायचं जमलं म्हणून लगेच अँटेना घेऊन धावू नकोस. आधी तिथल्या अभिरक्षकांना भेट आणि कुठे हात लावायचा नाही ते विचार. जुन्या भिंतीत एकही खिळा नाही, झुंबराच्या हुकाला वायर नाही, हे आपणहून सांगितलंस की निम्मं काम झालं.

४० मीटर बँडचा (सुमारे ४० मीटर लांबीच्या रेडिओ लहरींचा) डायपोल, म्हणजे दोन तारांचा अँटेना, जवळपास २० मीटर लांब होतो. तो छपरावर नको, अंगणात ताण. मध्ये एक फायबरचा खांब उभा करून दोन्ही टोकं खाली उतरवलीस की इन्व्हर्टेड व्ही (उलटा V) तयार. टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत एवढी उंच ठेव, तिथे व्होल्टेज सर्वात जास्त असतं. कोॲक्स (अँटेनाची केबल) वाटेत आडवी टाकू नकोस. पाहुणे वर बघत चालतात! वीज बॅटरीवरच घे. जुन्या वायरिंगवर माझा तरी भरवसा नाही.

धोका वेगळाच आहे: ट्रान्समिट करताच चोरीचा अलार्म वाजू शकतो. म्हणून उघडण्याच्या वेळेआधी, सुरक्षारक्षकाला सोबत घेऊन, प्रत्येक बँडवर कमी पॉवरपासून चाचणी कर. त्रास दिसला तर कोॲक्सवर फेराइट (केबलवरचा नको असलेला रेडिओ प्रवाह अडवणारी कडी) चढव, नाहीतर पॉवर उतरव.

पाहुण्यांना माइक देण्याआधी परवान्याचे नियम वाच. बिनपरवाना माणसाला बोलू देण्याबाबत देशोदेशी फरक आहे. मुलांना मोर्समध्ये त्यांचं नाव वाजवायला दे, त्याला ट्रान्समीटर लागत नाही. क्यूएसएल कार्डावर (संपर्क झाल्याची पावती म्हणून पाठवतात त्या कार्डावर) वाड्याचं चित्र हवं असेल तर संग्रहालयाची लेखी परवानगी आत्ताच माग.