साडेबारा लाख अजून गेलेले नाहीत

इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका ताईंचं पत्र आहे. गृहकर्जाची बाकी 24 लाख, फ्लोटिंग (बदलतं) व्याज 9 टक्के, 12 वर्षं उरलेली, हप्ता 27,313. बँकेच्या माणसानं 5,900 रुपये शुल्क घेऊन पूरक करार करून घेतला आणि हप्ता 21,593 वर आला. 14 महिन्यांनी कर्जखात्याचा उतारा काढला तर मुदत 20 वर्षं! जादा व्याज साडेबारा लाखांच्या घरात. फसवणूक म्हणून करार रद्द करून घ्यायला कोर्टात जावं का?

ताई, सहीच्या आदल्या दिवशी त्यानं व्हॉट्सॲपवर लिहिलेलं 'टेन्योर वही रहेगा मैडम, सिर्फ ईएमआई कम होगी' हे पुसू नका, फोनही बदलू नका. तुमची सगळी भिस्त त्यावर आहे.

तरी वाट बिकट आहे. करार कायद्याच्या कलम 17 ची फसवणूक दाखवायची, तर विधान खोटं निघालं एवढं पुरत नाही. ते खोटं असल्याचं त्याला ठाऊक होतं आणि त्याच भरवशावर तुम्ही सही केलीत, हेही सिद्ध करावं लागतं. दाव्यात कोण, कधी, काय म्हणालं हे तपशिलानं लिहायचं. मोघम आरोप चालत नाही. कलम 18 मध्ये, म्हणजे फसवण्याच्या हेतूशिवाय केलेल्या चुकीच्या विधानात, हेतू सिद्ध करण्याची कटकट नाही. पण तिथे बँकेचा वकील कलम 19 पुढे करेल: साधी काळजी घेतली असती तर खरं कळलं असतं. करारात '240 हप्ते' छापलंय आणि खाली तुमची सही. फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांची मुदत आहे, म्हणजे घाई नाही.

आता पैशांचं बोलू. जिंकलात तरी जुन्या मार्गावर यायला कमी भरलेले हप्ते व्याजासह द्यावे लागतील, सुमारे 84 हजार. मग ते आजच का भरू नयेत? वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. तुमची दीड लाखाची एफडी या महिन्यात सुटतेय. तिच्यातले 84 हजार मुद्दलात टाका आणि हप्ता पुन्हा 27,313 करायला लेखी सांगा. साडेबारा लाखांचा प्रश्न तिथेच मिटतो. खरं नुकसान उरतं ते शुल्काचं आणि चारेक हजार व्याजाचं. एवढ्यासाठी वर्षानुवर्षं तारखा? मी तरी जाणार नाही.

त्या रकमेसाठी मात्र भांडा. बँकेकडे लेखी तक्रार द्या, बदल मान्य नाही हे स्पष्ट लिहा; 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी नाही. रागानं हप्ता थांबवू नका. 90 दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं आणि बाजू उलटते.

पूरक करार आज पानन्‌पान वाचा. टॉप-अप (याच घरावर वाढीव कर्ज) किंवा दुसऱ्या कुणाच्या कर्जाला हेच घर तारण, असं काही घुसवलेलं असेल, तर माझा हिशेब बाजूला ठेवा आणि दिवाणी वकील गाठा.