तरतूद म्हणजे खर्च नाही

चरई, ठाणे
३ मार्च २०२५

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा जाता जाता, दारात चपला घालताना तू विचारलंस, "काका, खरं सांगा, हे बजेट आपल्यासारख्यांसाठी असतं का?" मी काहीतरी हं-हं केलं आणि तुला जाऊ दिलं. तुला लोकल गाठायची होती आणि मला एकदम इतकं सांगावंसं वाटलं की एकही शब्द फुटला नाही. मग रात्री झोप लागेना. म्हणून हे पत्र.

तू सांगितलंस, १ फेब्रुवारीला, केंद्राच्या बजेटच्या दिवशी, शनिवारची शिफ्ट होती, ऐरोलीच्या ऑफिसात टीव्ही लावला होता, '१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही' म्हटल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तूही वाजवल्यास. घरी येताना तुझ्या लक्षात आलं की आपला पगार ३२ हजार, वर्षाचे चार लाखसुद्धा होत नाहीत, आपला टॅक्स आधीही शून्यच होता. "मग मी टाळ्या कशाला वाजवल्या?" असं तू विचारलंस तेव्हा तुझा चेहरा इतका पडला होता की मला वाईट वाटलं. घरी बाबा म्हणतात, सरकारने विचार करूनच केलं असणार. मित्र म्हणतो, सगळं थोतांड. तुला दोघांचंही पटत नाही.

दोघांनीही कागद उघडलेला नाही, इतकंच मी त्यांच्याबद्दल म्हणेन. बाबांचं वय झालं, त्यांना मी काही बोलणार नाही. तुझ्या मित्राचा मात्र मला राग येतो. 'सगळे चोर' म्हणायला काही लागत नाही. चार रकाने वाचायला अर्धा तास लागतो, तो त्याला द्यायचा नाही.

हो, चार रकाने. अर्थमंत्रालयाच्या संकेतस्थळावर खर्चाचं बजेट असतं, हिंदीतही असतं. कुठलीही योजना काढ, तिच्यासमोर चार आकडे दिसतील. पहिला २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च. दुसरा २०२४-२५ चा अंदाज, म्हणजे गेल्या वर्षी ज्याची हेडलाइन झाली तो. तिसरा त्याच वर्षाचा सुधारित अंदाज, म्हणजे वर्ष संपत आल्यावर खरंच किती खर्च होईल असं दिसतं तो. चौथा २०२५-२६ चा, म्हणजे यंदाच्या हेडलाइनचा. सगळा देश चौथा रकाना वाचतो. तू दुसरा आणि तिसरा शेजारी शेजारी ठेवून वाच. तरतूद म्हणजे खर्च नाही. हे मी तुला या पत्रात कितीदा सांगेन त्याचा हिशेब ठेवू नकोस.

तुझ्या बहिणीने पीएम इंटर्नशिपचा फॉर्म भरला होता ना? जुलै २०२४ च्या बजेटमध्ये त्या योजनेसाठी २,००० कोटी ठेवले होते. एक कोटी तरुण, पाचशे मोठ्या कंपन्या, किती गाजावाजा झाला! सुधारित अंदाजात राहिले ३८० कोटी. आता जलजीवन मिशन बघ, घरोघरी नळ. दुसऱ्या रकान्यात ७०,१६३ कोटी, तिसऱ्यात २२,६९४ कोटी, आणि चौथ्यात पुन्हा ६७,००० कोटी. २०१९ ला ही योजना जाहीर झाली तेव्हा मुदत २०२४ ची होती, यंदा ती २०२८ पर्यंत नेली. ६७ हजार कोटी ऐकून टाळी वाजवणाऱ्याला मधला रकाना दिसलेलाच नसतो.

आणि हा काही दिल्लीतला कोरडा आकडा नाही रे. आपल्या ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुका आहे. भातसा तिथे, तानसा तिथे. भातसाचं पाणी मुंबईला जातं, आपल्या ठाण्यालाही येतं. आपल्या शहरांतले नळ या धरणांच्या जिवावर चालतात. त्याच शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मे आला की टँकर येतो.

आता माझी गोष्ट सांगतो. तुझ्या बाबांनाही ती माहीत नाही.

मी एका सरकारी कार्यालयात लेखा शाखेत होतो. १९९७ सालचा मार्च. शहापूरकडच्या एका पाड्याची पाणी योजना होती, छोटीच. विहीर झाली होती, पंपघर झालं होतं, पाइप येऊन पडले होते. ठेकेदाराचं रनिंग बिल, म्हणजे तोवर झालेल्या कामाचं बिल, निघायचं होतं. फाइल माझ्या टेबलावर आली गुरुवारी, २७ मार्चला, दुपारी. मी मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही, उघडली, एका पानावर उपअभियंत्याची सही नव्हती. नियमाप्रमाणे मी त्रुटी लिहिली, फाइल परत पाठवली. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, शनिवारी फाइल हललीच नाही, मग रविवार, सोमवारी ३१. त्या संध्याकाळी ट्रेझरीची खिडकी बंद झाली तेव्हा फाइल अजून शिपायाच्या ट्रेमध्ये होती. निधी व्यपगत झाला. आमच्या भाषेत 'पैसे परत गेले'. ठेकेदाराने काम सोडलं, आणि पुढच्या वर्षीच्या मंजुऱ्या पहिल्यापासून सुरू झाल्या. मे महिन्यात दुसऱ्या कामासाठी मी त्या बाजूला गेलो. काळे पाइप रस्त्याच्या कडेला तसेच पडलेले होते आणि बायका त्यांच्यावरून पाय टाकून हंडे घेऊन जात होत्या. एका पाइपात लहान मुलं दगड सोडत होती, दुसऱ्या टोकाने बाहेर येतो का ते बघायला.

माझी त्रुटी बरोबर होती. हे मी आजही म्हणतो आणि कुणासमोरही म्हणेन. सहीशिवाय बिल पास केलं असतं तर ऑडिटचा पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, लागला असता आणि वसुली माझ्या पगारातून झाली असती. घरात आई आजारी, मुलगी चार वर्षांची. पण तो उपअभियंता त्याच इमारतीत बसायचा. दोन जिने खाली. पुस्तिका हातात घेऊन मी दोन जिने उतरलो असतो, तर पाच मिनिटांत सही झाली असती. मला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि न करण्याबद्दल कुणी कधी विचारलंही नाही. त्या वर्षीच्या बजेटमध्ये त्या पाड्याला पाणी 'दिलेलं' होतं. छापलेलं होतं.

त्यानंतर मी फाइल हातात घेऊन जिने उतरायला लागलो. मार्चमध्ये तर रोजच. 'साहेबांना ठेकेदाराकडून काय मिळतं' असं माझ्या पाठीमागे बोलत. एका वरिष्ठाने तोंडावर विचारलं. माझी बढती पाच वर्षं रखडली ती त्यामुळेच, असं मी धरून चाललो आहे. रखडू दे. हट्टी म्हणाले, तेही ठीक. तरतूद म्हणजे खर्च नाही हे मला पुस्तकाने शिकवलं नाही, त्या पाइपांनी शिकवलं.

मग बजेट आपल्यासाठी असतं का? पोचलं तर असतं. पोचलेलं मी पाहिलं आहे. मधू दंडवते १९७७ ते ७९ रेल्वेमंत्री होते, त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंची फोम बसवायला लावला. तुला त्याचं महत्त्व कळणार नाही, तू लाकडी बाकावर रात्र काढलेली नाहीस. मी काढली आहे. आणि फार लांब जाऊ नकोस, फेब्रुवारीची सॅलरी स्लिप उघड. एरवी व्यवसाय कराचे २०० कापतात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. हा कर महाराष्ट्राने १९७५ ला लावला तो रोजगार हमीसाठी. दुष्काळी भागातल्या माणसाला खडी फोडण्याचं का होईना पण हक्काचं काम मिळावं आणि त्याचे पैसे शहरातल्या पगारदाराने द्यावेत, असा विचार होता. वि. स. पागे यांनी ती योजना लावून धरली, पुढे देशाने ती उचलली. त्या मजुरीवर जगलेली माणसं मला भेटली आहेत. तेव्हा 'आमचा बजेटशी संबंध काय' हे तू म्हणू नकोस. तुझ्या २९९ च्या रिचार्जमध्ये १८ टक्क्यांनी साडेपंचेचाळीस रुपये जीएसटीचे असतात. २०२५-२६ च्या बजेटात केंद्राच्या रुपयातले १८ पैसे जीएसटीतून येतात. तू मागायला आलेला माणूस नाहीस, भरणारा आहेस. टाळ्या वाजवणं भरणाऱ्याचं काम नव्हे, त्याने हिशेब विचारायचा असतो.

खर्च झाला म्हणून गप्प बसायचं असंही नाही. 'बेटी बचाओ'चे २०१६ ते २०१९ मध्ये जे पैसे सुटले त्यातले जवळपास ७९ टक्के जाहिरातबाजीवर गेले, हे संसदेच्याच समितीने लिहून ठेवलं आहे. पण ती दुसरी पायरी. पहिली तरी चढ.

आता तुझं स्वतःचं उदाहरण घे. कळव्याहून ऐरोलीला जायला तू रोज उलटा ठाण्याला येतोस, त्या गर्दीत पूल चढतोस, नऊ-दहा नंबरला ट्रान्स-हार्बर लोकल धरतोस. कळवा-ऐरोली जोडमार्ग एमयूटीपी ३ मध्ये, म्हणजे मुंबईच्या लोकल रेल्वे सुधारणेच्या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात, २०१६ ला मंजूर झाला. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, आणि कळव्याकडचा तुकडा तिथल्या झोपड्यांच्या पुनर्वसनावर अडलेला आहे. त्या कुटुंबांनाही घर मिळालंच पाहिजे, त्यांना शिव्या देऊ नकोस. पण कुणाच्या टेबलावर काय अडलंय, हे तुझ्या डब्यातल्या किती जणांनी विचारलं? ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ ला मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. मधली चौदा वर्षं दरवर्षी बजेट झालंच की. तरतूद म्हणजे खर्च नाही, बाळा, आणि खर्च कुणीतरी मागे लागल्याशिवाय होत नाही.

येत्या सोमवारी राज्याचं बजेट आहे. एमयूटीपीतला निम्मा वाटा राज्याचा असतो. तेव्हा रविवारीच ये, सकाळी, जेवायलाच थांब. रेल्वेच्या पिंक बुकमधली, म्हणजे कुठल्या कामाला किती पैसे ते छापलेल्या पुस्तकातली, एमयूटीपीची ओळ मी शोधून ठेवतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज आपण दोघं मिळून लिहू, पण सही तुझी. मोबाइलवर नको दाखवूस, पानं छापून आण. आणि एक फूटपट्टी आण. बारीक छपाईत रकाने लांब असतात, पट्टी धरली नाही तर नजर वरच्या ओळीवर जाते.

तुझा,
काका