"फंड आला की फोन करतो" : जतच्या इंजिनिअर मित्राला उत्तर

जत तालुक्यातल्या ज्या तरुण इंजिनिअरने लिहिलंय की रस्ता आणि समाजमंदिर पूर्ण करून दीड वर्ष झालं, बिल निघत नाही, ऑफिसवाले म्हणतात "नवीन टेंडर भरा, त्यात जुन्याचं बघू", आणि गावात तोंड उघडलं की लोक "तू लाडक्या बहिणींच्या पैशावर उठलायस" म्हणतात, त्यांच्यासाठी लिहितोय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी खटाव-माण पट्ट्यात हीच कामं करतो. साकव, अंतर्गत रस्ते, गटारं, कधी शाळेच्या खोल्या. मी वकील नाही, सीए नाही, त्यामुळे कायद्याचं जे सांगेन ते तुमच्या वकिलाकडून तपासून घ्या. राजकारणाचं म्हणाल तर आमच्या घरात आजोबांपासून पंजा, मी मात्र बरीच वर्षं युतीला मत देत आलोय. म्हणजे हे विरोधकांचं रडगाणं समजू नका. एमबी (कामाच्या मोजमापाची सरकारी वही) कशी लिहून घ्यायची, बिलाला कुठले कागद लावायचे हे तुम्हाला येत असणार, त्यात जात नाही.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नवीन टेंडर भरू नका. जुनं बिल मोकळं होण्यासाठी नवीन काम घ्यायचं म्हणजे पहिल्या कामात अडकलेल्या पैशावर दुसऱ्या कामाचे पैसे अडकवायचे. हा सल्ला देणाऱ्या साहेबाची तीन वर्षांनी बदली होते, क्रशरवाला मात्र तुमच्याच दारात येतो.

आता माझं. एका ऑफिसचं नाव घेत नाही, या भागात काम करणाऱ्यांना कळेल. ओढ्यावरचा साकव होता, शेजारी दोन्ही बाजूंचा थोडा रस्ता. काम झालं, मोजमाप झालं, शाखा अभियंत्याने एमबीत नोंद घेतली, आणि मग त्याची बदली झाली. तो म्हणतो चार्जमध्ये एमबी दिली. नवीन आलेला म्हणतो मिळालीच नाही, आणि मिळाली तरी मी न मोजलेल्या कामावर सही करणार नाही. डेप्युटी इंजिनिअरकडे गेलो की अकाउंटला विचारा, अकाउंटला गेलो की बिलच वर आलं नाही. मोठ्या साहेबांचं एकच वाक्य, "फंड आला की फोन करतो." वाईट वागले असंही नाही. दर वेळी चहा पाजायचे.

पण त्या ऑफिसने मला एक कागद दिला नाही. पत्र घेऊन गेलो की आवकचा कारकून म्हणायचा "ठेवा टेबलावर", शिक्का मागितला की "साहेब आले की देतो". फंड नाही हे सगळे तोंडाने सांगायचे, लिहून द्यायला कोणी तयार नव्हतं. शेवटी माहितीच्या अधिकारात विचारलं तर उत्तर आलं की सदर कामाचे कोणतेही देयक अभिलेखावर प्रलंबित दिसून येत नाही. साकव उभा आहे, त्यावरून एसटी जाते, उद्घाटनाची पाटी आहे, पाटीवर नावंही आहेत. बिल मात्र जन्मालाच आलं नव्हतं.

पुढे कोर्टाचा विचार केला तेव्हा वकिलाने पहिला प्रश्न विचारला, सरकार तुमचं देणं लागतं असं सहीनिशी लिहिलेलं काय आहे? केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. मुदत संपायच्या आत समोरच्याने देणं लेखी कबूल केलं तर तिथून पुन्हा तीन वर्षं मिळतात, ते मुदत कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे. कबुलीचं एक ओळीचं पत्र नसल्यामुळे माझी बाजू लंगडी पडली. शेवटी रक्कम सोडून तडजोड केली. कॅश क्रेडिटचं व्याज आणि पतसंस्थेत ठेवलेल्या सोन्याचं व्याज गंगार्पण.

म्हणून तुम्ही एवढं करा. कामाचं नाव, वर्क ऑर्डर क्रमांक, एमबीचा क्रमांक आणि पान, बाकी रक्कम, आणि "ही रक्कम देय असल्याची व निधीअभावी प्रलंबित असल्याची पुष्टी करावी" अशी विनंती, एवढं एका पानावर लिहून पाठवा. हाताने देऊ नका. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टाला रजिस्ट्रेशन आणि पोचपावतीची सोय मागून घ्या. काउंटरवर न मागता मिळत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा टाका. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे कहाणी लिहू नका. एका अर्जात एमबीच्या पानांची प्रत मागा, दुसऱ्यात त्या ऑफिसने वरच्या कार्यालयाकडे केलेल्या निधी मागणीची प्रत. त्या मागणीपत्राच्या यादीत तुमचं काम आणि रक्कम असेल तर तो कागद सोन्यासारखा जपा, खाली कार्यकारी अभियंत्याची सही असते. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा, भीड धरू नका.

उद्यम नोंदणी आहे म्हणून पंचेचाळीस दिवसांत पैसे आणि वर चक्रवाढ व्याज मिळेल असं कोणी सांगेल. तो लघुउद्योगांचा कायदा २००६ चा आहे आणि चांगला आहे, पण बांधकामाच्या कंत्राटाला तो लागू होत नाही असा मुंबई उच्च न्यायालयाचाच निकाल आहे. त्या भरवशावर राहू नका. आणि बिल पास व्हायच्या आधी जीएसटीचा इनव्हॉइस काढून ठेवू नका. अठरा टक्के पदरचे भरून बसाल. यात आमच्याकडचे दोघेतिघे अडकलेत. सीएला विचारून करा.

आता राजकारणाचं, कारण तुम्ही विषय काढलाय आणि मलाही बोलायचं आहे.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याचा एकूण खर्च सात लाख कोटींच्या घरात, महसुली तूट ४५,८९१ कोटी, आणि कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज. सरकारची बाजूही सांगतो. राज्याच्या उत्पन्नाशी ताडून पाहिलं तर हे कर्ज एकोणीस टक्क्यांच्या आत बसतं आणि बऱ्याच राज्यांपेक्षा आपली स्थिती बरी आहे. खोटं नाही ते. पण त्या ९ लाख ३२ हजार कोटींमध्ये तुमचा रस्ता नाही. माझा साकव नव्हता. सरकारी हिशेब रोखीचा असतो, पैसा तिजोरीतून गेला की खर्च पडतो. गेलाच नाही तर खर्चही नाही आणि देणंही नाही. रोखे काढून कर्ज घ्यायचं तर केंद्राची संमती लागते, रिझर्व्ह बँक लिलाव करते, व्याज द्यावं लागतं, विधिमंडळापुढे आकडा ठेवावा लागतो. ठेकेदाराकडून घेतलेल्या कर्जाला यातलं काहीच लागत नाही. बिनव्याजी, बिनमुदतीचं, आणि वर सावकारानेच हेलपाटे घालायचे. २०२५ मध्ये ठेकेदार संघटनांचा दावा होता की राज्यभरात थकीत बिलांचा हा आकडा नव्वद हजार कोटींच्या आसपास आहे. तो थोडा फुगवलेला धरा, अर्धा धरा, तरी लाडकी बहीणच्या वर्षाच्या तरतुदीपेक्षा मोठा निघतो.

बहिणींवर उठण्याचा प्रश्नच नाही. आमच्या वहिनींच्या खात्यावर दीड हजार येतात आणि त्या ते आमच्यापेक्षा शहाणपणाने खर्च करतात. जून २०२४ मध्ये योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटी लागतील म्हणून सांगितलं होतं, २०२५-२६ ला ३६ हजार कोटी ठेवले. माझा आक्षेप क्रमाला आहे. योजना आधी, छाननी नंतर. २०२५ मध्ये २६ लाखांवर लाभार्थ्यांचे हप्ते थांबवून पडताळणी करावी लागली, त्यात पुरुषसुद्धा निघाले. आणि इकडे माझ्या साकवाची तपासणी कामाआधी, काम चालू असताना, काम झाल्यावर, वर त्रयस्थ संस्थेची वेगळी. तपासणीला माझी हरकत नाही, जनतेचा पैसा आहे. मग ती सगळ्याच पैशाला लावा की. मांडववाल्याचे पैसे थकवून पाहुण्यांना भारी आहेर करणाऱ्या यजमानाला आपल्याकडे कोणी दिलदार म्हणत नाही.

उजव्या विचाराचा माणूस म्हणजे गरिबाला काही देऊ नका म्हणणारा, असा एक समज आहे. तुमच्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. रोजगार हमीची कल्पना त्यांची. दुष्काळात लाखो हातांना काम देणारी एवढी मोठी योजना, पण तिच्यासाठी पैसा कुठून येणार हे सांगितलं गेलं. १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला. नोकरदाराच्या पगारातून आजही महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात, ते त्याचंच मूळ. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुरासाठी काही द्यायचं, आणि ते त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर दिसायचं. आताच्या योजनांचं चिठ्ठीवर काही दिसत नाही. जुलै २०२४ च्या अधिवेशनात पुरवणी मागण्याच ९४,८८९ कोटींच्या आल्या. जूनच्या शेवटी अर्थसंकल्प मांडायचा आणि दोन आठवडे सरायच्या आत एवढी भर घालायची, मग आधीच्या अर्थसंकल्पाला अर्थ काय राहिला?

दुसरं उदाहरण टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं. पाणी उचलायचं वीजबिल थकलं की पंप बंद, हे आपण वर्षानुवर्षं पाहिलंय. मग ८१ टक्के बिल सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्याने भरायचं असं ठरलं. पाणीपट्टी उसाच्या बिलातून कापून घेतली जाते. कुरकुर होते, कारखान्यांच्या कापाकापीबद्दल माझ्याही तक्रारी आहेत, पण आटपाडी-कवठेमहांकाळात बागा उभ्या राहिल्या. फुकट असतं तर पंप किती दिवस चालले असते? एकोणीस टक्के भरणारा माणूस पाणी कुठे मुरतंय ते बघायला स्वतः कालव्यावर जातो.

कर्जमाफीवर बोललो तर घरीच भांडण होतं, तरी बोलतो. २०१७ ला दीड लाखापर्यंत, २०१९ ला दोन लाखांपर्यंत. सरकारं वेगळी, पक्ष वेगळे. वेळेवर फेडणाऱ्याला पन्नास हजार प्रोत्साहन २०२० मध्ये जाहीर झालं, खात्यावर यायला २०२२ उजाडलं. आमच्याकडे सोसायटीचं कर्ज ३१ मार्चच्या आत भरायची रीत आहे, त्यासाठी लोक म्हैस विकतात. दोन वर्षं ते प्रोत्साहनाची वाट बघत बसले. असो, हा वेगळा विषय आहे.

आमदारांना दोष द्यावा तर तेही त्याच चक्रात. गावात पंचवीस-पंधराचं, म्हणजे ग्रामविकासाच्या २५१५ या लेखाशीर्षातलं (अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं), काम आणलं नाही तर पुढच्या वेळी मत नाही. काम मंजूर करायला पूर्ण पैसा लागत नाही, अर्थसंकल्पात नाममात्र तरतूद दाखवली की प्रशासकीय मान्यता, की वर्क ऑर्डर, की नारळ. दहा लाखांच्या पैशात पन्नास लाखांचे नारळ फुटतात. माझ्या हातात असतं तर एकच नियम केला असता. ज्या लेखाशीर्षावर जुनी बिलं बाकी आहेत त्यावर नवीन वर्क ऑर्डर बंद, आणि प्रत्येक विभागाची थकीत बिलांची यादी दर तिमाहीला नोटीस बोर्डावर. यात कुठल्या विचारसरणीचा काय संबंध? तरीपण दोन्हीकडचे आमदार याला विरोध करतील, लिहून ठेवा. शक्तिपीठ महामार्गाला २०२५ मध्ये ८६ हजार कोटींच्या घरात खर्च सांगत होते. रस्त्याला माझा विरोध असायचं कारण नाही, रस्त्यावरच माझं पोट आहे. पण ते काम घेणाऱ्या बड्या कंपनीचं बिल आणि तुमच्या समाजमंदिराचं बिल एकाच खिडकीवर आलं तर आधी कोणाचं निघेल, तुम्हीच सांगा.

बरं, परत तुमच्याकडे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जिल्ह्यातच राहा, फोन चालू ठेवा. निधी बीडीएसवर (निधी वाटपाच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर) रात्री उशिरा पडतो आणि ज्यांची बिलं तयार आहेत त्यांच्यात बिलाच्या काही टक्के असा थोडा थोडा वाटला जातो. ज्याचं बिल अकाउंटच्या टेबलापर्यंत पोचलेलंच नाही त्याला त्यातला रुपयाही नाही. म्हणजे फेब्रुवारीतच बिल लेखा शाखेच्या नोंदवहीत चढलंय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, नोंद क्रमांक लिहून घ्या. दहा-वीस टक्के मिळाले तर घ्या, नाही म्हणू नका. पण पावतीवर "संपूर्ण व अंतिम" असं काही छापलेलं असेल तर सही करण्याआधी त्याखाली "उर्वरित रकमेचा हक्क राखून" एवढं स्वतःच्या हाताने लिहा. साहेब वैतागेल. वैतागू दे.

आणि दोष दायित्वाचा काळ (काम झाल्यावर दुरुस्ती ठेकेदारानेच करायची मुदत) तुमचा चालूच असेल, त्या रस्त्यावरचे खड्डे भरत राहा आणि भरताना तारखेसकट फोटो काढून मेलने पाठवा. नाहीतर बिल निघायची वेळ आली की "रस्ता खराब झालाय" म्हणून अनामत पण अडकवतील. समाजमंदिराचा ताबा ग्रामपंचायतीने घेतल्याचं पत्र आहे का? नसेल तर या आठवड्यात ग्रामसेवकाला गाठा, त्याची बदली व्हायच्या आत.