आधी फुकटचं वापरा, पैसे नंतर

घरचे फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरसाठी लगेच पैसे भरू नका. फोनवरच काम करणार असाल तर स्नॅपसीड हे ॲप पुरेसं आहे, आणि फुकट आहे. कॉम्प्युटरवर बसायचं असेल तर गिम्प. तेही फुकट, १९९६ पासून चालत आलेलं. उघडल्यावर एवढी बटणं बघून घाबरायला होतं, पण सुरुवातीला तीनच गोष्टी लागतात: क्रॉप म्हणजे नको त्या कडा कापणं, फिरवणं आणि उजेड कमी-जास्त करणं.

त्यातलं फिरवणं आधी शिका, कारण आपल्या कोकणात दर दुसऱ्या फोटोत समुद्र. हर्णैच्या बंदरावरून सुवर्णदुर्ग टिपला आणि क्षितिज जरा कललं, की सगळं पाणी एका बाजूला सांडतंय असं वाटतं. एका अंशाने सरळ केलंत तरी फोटो सावरतो.

नवशिक्यांची हमखास चूक म्हणजे रंग ताणणं. पावसातली भातशेती मुळातच एवढी हिरवी, तिला आणखी हिरवी केली की प्लॅस्टिकची दिसते. मी एकदा जांभ्या दगडाचा गडगा (कुंपणाची भिंत) इतका लाल केला की आई म्हणाली, "रंग कधी दिलास रे?"

मूळ फोटोला हात लावू नका, कॉपीवर काम करा. गिम्पमध्ये 'सेव्ह' केलं की गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल होते, ती व्हॉट्सॲपवर कुणाला दिसणार नाही. नेहमीची फोटोची जेपीजी फाइल हवी तर 'एक्स्पोर्ट'. आणि कुणी पेनड्राइव्हवर क्रॅक केलेलं महागडं सॉफ्टवेअर देऊ केलं, तर सरळ नको म्हणा. त्याबरोबर व्हायरस येऊ शकतो.

लेयर, मास्क, रॉ वगैरे पुढचे प्रकार गणपती झाल्यावर बघू.