हिस्टोग्रामला कंगव्यासारखे दात आलेत: बिघाड चित्रात की आलेखात?

फिजी या चित्रं मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये सोळा-बिट (० ते ६५५३५ मूल्यांच्या) फ्लुओरेसन्स चित्राचा, म्हणजे चमकणारा रंग लावलेल्या नमुन्याच्या फोटोचा, हिस्टोग्राम (कुठल्या उजळपणाचे किती पिक्सेल ते दाखवणारा आलेख) दातेरी दिसतोय, तर सगळ्या स्लाइडचे फोटो पुन्हा काढावे लागतील का, असं तुम्ही विचारलंय. थांबा, एवढ्यात मायक्रोस्कोप बुक करू नका.

आधी हिस्टोग्रामच्या खिडकीतलं 'लिस्ट' बटण दाबा आणि आकडे बघा. दातांमधल्या खाचांत मोजणी शून्य आहे, की नुसती कमी? सगळं यावर ठरतं.

तुम्ही किमान १८० आणि कमाल ७८० सांगितलंय. म्हणजे उजळपणाच्या ६०१ पातळ्या, आणि हिस्टोग्रामचे खण, म्हणजे उभ्या पट्ट्या, २५६. एका खणाच्या वाट्याला साधारण २.३५ पातळ्या आल्या. पण तुमच्या चित्रातली मूल्यं पूर्णांक आहेत, पातळीचे तुकडे होत नाहीत. मग दर तीनातल्या दोनेक खणांना दोन पातळ्या मिळतात, उरलेल्याला तीन. तीनवाला शेजाऱ्यापेक्षा जवळपास दीडपट उंच दिसतो. हाच तुमचा कंगवा! चित्राला काहीही झालेलं नाही. खात्री करायची तर ऑल्ट दाबून धरून हिस्टोग्राम उघडा, खणांची संख्या ६०१ द्या, दात निघून जातील.

खाचांत शून्य निघालं तर मात्र काळजीचं आहे. समजा आठ-बिट (० ते २५५ मूल्यांच्या) चित्रात मूल्यं ४० ते १६७ आहेत आणि कॉन्ट्रास्ट तेवढ्याच मर्यादेत आणून कुणी 'अप्लाय' दाबलं. त्या १२८ पातळ्या ० ते २५५ वर ताणल्या जातात आणि जवळजवळ एकाआड एक खण रिकामा पडतो. नुसते स्लायडर हलवले तर फक्त दिसणं बदलतं. 'अप्लाय'ने पिक्सेलच बदलतात. माझा एक अख्खा संच असाच गेला, मूळ फायलींवरच सेव्ह झाला होता, आणि तोवर स्लाइडवरचा रंग विरला होता. तेव्हापासून मूळ फायलींची प्रत वेगळी ठेवल्याशिवाय मी एकही चित्र उघडत नाही.

उजवं टोकही बघत चला. बारा-बिट कॅमेऱ्याची मूल्यं बहुधा ४०९५ ला संपतात. त्याहून उजळ सगळे पिक्सेल ४०९५ वरच साचून तिथे सुळका उठतो, पण फाइल ६५५३५ पर्यंत जाते म्हणून तो नजरेतून सुटतो. तुमचा कॅमेरा बारा-बिट असेल तर ७८० म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी. पुढच्या वेळी एक्स्पोजर बिनधास्त वाढवा, फक्त सगळ्या नमुन्यांना एकच ठेवा.

आणि तीव्रता मोजायच्या आधी आठ-बिट करू नका. ते रूपांतर त्या क्षणी पडद्यावर असलेल्या किमान-कमाल मर्यादेनुसार होतं, त्यामुळे दोन चित्रांच्या मर्यादा वेगळ्या असल्या की त्यांची तुलनाच उरत नाही.