बॅग धरून सव्वा तास उभा, तरी काम शून्य?

प्रश्न : मी रोज डोंबिवलीहून सीएसएमटीला जातो, बहुतेक उभ्यानेच, 8 किलोची बॅग छातीवर घेऊन. परवा घरी आल्यावर म्हटलं खांदे भरून आले, तर नववीतला चिरंजीव म्हणतो, "बाबा, तुम्ही बॅगेवर कार्यच केलं नाहीत, शून्य ज्यूल!" पुस्तकही दाखवलं. बायकोपण हसली. मग मी दमतो कशाने? – एक डोंबिवलीकर

उत्तर : चिरंजीवांना परीक्षेत पूर्ण मार्क आहेत, पण तुमचे खांदे पण खोटं बोलत नाहीयेत.

झालंय असं की 'काम' हा शब्द आपला रोजचा आणि फिजिक्सवाल्यांनी तो उचलून (मराठी पुस्तकात त्यालाच 'कार्य' म्हणतात) एका अगदी छोट्या हिशोबाला लावलाय. 1829 साली कोरिओलिस नावाच्या फ्रेंच माणसाने (तोच, भूगोलात वाऱ्यांच्या धड्यात भेटतो तो) हा अर्थ पक्का केला, तेव्हा इंजिनं खाणीतलं पाणी उपसायची आणि मालकाला एवढंच कळायला हवं होतं की किती वजन किती उंच गेलं. म्हणून कार्य म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन, म्हणजे वस्तू त्या दिशेने जेवढी सरकली तेवढं अंतर, आणि ते मोजायचं ज्यूलमध्ये. इंजिन दमलं का, हे कोणी विचारलंच नव्हतं.

आता तुमची बॅग. पट्टे तिला वर ओढतायत साधारण 78 न्यूटन बलाने, आणि बॅग चाललीये आडवी, जवळपास 50 किलोमीटर, पण वर एक इंचही नाही. काटकोनात असलेल्या बलाच्या वाट्याला कार्य येत नाही, संपला विषय.

म्हणजे अगदीच संपला नाही, इथे चिरंजीवांना थोडं पकडता येईल. लोकल सुटते तेव्हा तुमच्याबरोबर बॅगेलाही वेग द्यावा लागतो, तो तुमच्या अंगातूनच तिच्यापर्यंत पोचतो, म्हणून तर गाडी सुटताना सगळे मागे झुकतात. गाडीने ताशी 60 चा वेग घेतला की बॅगेत साधारण 1100 ज्यूल गेलेले असतात. पुढच्या स्टेशनात ब्रेक लागला की तेवढेच परत काढून घेतले जातात, ते ऋण कार्य. प्रत्येक स्टेशनला हाच जमाखर्च, सीएसएमटीला उतरताना बाकी शून्य. तेव्हा 'एकूण शून्य' म्हण, 'केलंच नाही' म्हणू नकोस, असं सांगा त्याला.

राहिलं दमण्याचं. वरचा लोखंडी रॅक तीच बॅग दिवसभर धरून ठेवेल आणि त्याला चहा लागणार नाही, कारण लोखंड एकदा जरासं वाकलं की तसंच राहतं. आपल्या स्नायूला कुलूप लावायची सोयच नाही हो. आतले बारीक तंतू एकमेकांना पकडतात, सोडतात, परत पकडतात, आणि या प्रत्येक पकडीला एटीपी नावाचं इंधन जळतं, बाहेरून बॅग ढिम्म हलत नसली तरी. ती सगळी ऊर्जा शेवटी उष्णता होऊन जाते, गर्दीत घाम येतो त्यात तिचाही वाटा. बॅगेच्या खात्यात शून्य, तुमच्या पोटाच्या खात्यात खर्च, आणि पुस्तक फक्त पहिलं खातं बघतं.

खरं कार्य तुम्ही करता ते स्टेशनच्या पुलावर. तुम्ही 70 किलो, बॅग 8, पूल 6 मीटर धरला तर साडेचार हजार ज्यूलच्या वर. ऐकायला केवढं वाटतं ना? स्नायू इंधनाचा फार तर चौथा हिस्सा कामाला लावतात, तो तोटा धरूनसुद्धा हा खर्च चहाच्या चमच्यातल्या पाव चमचा साखरेत भागतो, त्यामुळे पूल चढलो म्हणून वडापाव, हा हिशोब काही जुळत नाही. आणि पलीकडे उतरताना बॅगेवरचं तुमचं कार्य ऋण असतं, पण साखर काही परत मिळत नाही, उलट गुडघे कुरकुरतात.

जागा मिळाली तर बॅग छातीवरून रॅकवर टाका. साधारण 60 ज्यूल लागतील, तेही एकदाच.